पाच सेंटिमीटरची फट

इमारतीचा उभा छेद पहिल्यांदा टेबलावर उलगडला तेव्हा मी बोट ठेवून खालून वर मोजत गेले. तळघरात पार्किंग आणि माल उतरवायचा धक्का. त्यावर मोठं प्रवेशदालन. मग सहा मजल्यांची उंची व्यापणारं सतराशे आसनांचं संगीत सभागृह. त्याच्या डोक्यावर बावीस मजले ऑफिसं आणि सगळ्यात वर हॉटेल. प्लॉटच्या एका कडेने जमिनीखालून रेल्वेचा बोगदा जातो, तोही आर्किटेक्टने तुटक रेघेने दाखवला होता. ती तुटक रेघ पाहिली आणि बाकीचा कागद क्षणभर मला दिसेनासा झाला.

सभागृहाच्या ध्वनीची जबाबदारी ज्या सल्लागारांकडे होती, त्यांची साइटवरची इंजिनिअर म्हणून मी या कामावर साडेचार वर्षं होते. माझ्याकडून अपेक्षा एकच होती. आत वाद्यवृंद अगदी हळू वाजवत असेल, तेव्हा श्रोत्याला इमारत ऐकू येता कामा नये. लिफ्ट नाही, पंप नाही, रेल्वे नाही, हॉटेलातल्या कुणाच्या न्हाणीघरातलं पाणी नाही.

असलं सभागृह शहराबाहेर मोकळ्यावर का बांधत नाहीत, असं मला या काळात कितीतरी जणांनी विचारलं. उत्तर पैशात आहे आणि ते जुनं आहे. शिकागोची ऑडिटोरियम बिल्डिंग १८८९ मध्ये उभी राहिली. डँकमर ॲडलर आणि लुई सलिव्हन यांनी मधोमध चार हजारांवर आसनांचं नाट्यगृह ठेवलं आणि त्याला हॉटेल आणि ऑफिसांनी वेढून टाकलं. भाड्याच्या उत्पन्नावर ऑपेरा जगवायचा, असा त्यामागचा हिशोब. त्यातली ॲडलरची एक गोष्ट मला फार आवडते. मनोऱ्याचा भाग बाकी इमारतीपेक्षा जड होणार आणि खाली तर मऊ चिकणमाती, म्हणून त्याने मनोरा पुरा होण्याआधीच त्याच्या पायावर कच्चं लोखंड आणि विटा रचून आगाऊ वजन टाकलं. पाया आधीच दबला म्हणजे पुढे सगळं बरोबरीने बसेल, हा विचार. तरीही इमारत असमान खचली आणि लॉबीच्या जमिनीला उतार आला. एका छताखाली तीन वेगळी कामं आणायची तर जमिनीपासूनच तडजोडी सुरू होतात, हे तेव्हापासूनचं आहे.

आमच्या कामात बहुतेक तडजोडी एका फटीभोवती फिरल्या. पाच सेंटिमीटरची फट. तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

हवेतून येणारा आवाज अडवणं त्यामानाने सोपं. भिंत जड करा, जाड करा, दार घट्ट बसवा. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल आवाज कमी होतो. पण पोलाद आणि काँक्रीट यांच्या अंगातून येणाऱ्या कंपाला जाड भिंतीचं काहीच वाटत नाही. पोलादात ध्वनी सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावतो. तळघरातला पंप कॉलमला कापरं भरवतो, ते क्षणात दहाव्या मजल्यावर पोचतं आणि तिथली भिंत स्पीकरसारखी वाजू लागते. त्यावर उपाय एकच, सभागृह इमारतीपासून तोडायचं. इमारतीच्या आत दुसरी स्वतंत्र पेटी बांधायची आणि ती स्प्रिंगांवर ठेवायची. चारही बाजूंनी आणि वरून मोकळी फट. पेटीतली पेटी.

हँबुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत हेच केलं आहे. जुन्या गोदामाच्या विटांच्या भिंतींवर काचेचा डोलारा, त्यात हॉटेल, घरं आणि २१०० आसनांचं मोठं सभागृह. सभागृहाचं वजन साडेबारा हजार टन आणि ते ३६२ स्प्रिंग-संचांवर बसलेलं. बाहेर बंदर, जहाजांचे भोंगे, आणि आत शांतता. ते जानेवारी २०१७ मध्ये उघडलं. ठरलं होतं त्यापेक्षा कितीतरी वर्षं उशिरा आणि पहिल्या अंदाजाच्या कितीतरी पट खर्चात. आमच्या प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी हँबुर्गचं नाव काढायचं. मालकांची माणसं खर्चाची धास्ती म्हणून, आम्ही दाखला म्हणून.

आमची पेटी लहान होती, सुमारे साडेसहा हजार टनांची, १९२ स्प्रिंग-संचांवर. स्प्रिंगचं गणित सुंदर आहे. वजनाखाली ती किती दबते यावर तिचा डोलण्याचा वेग ठरतो. सोळा मिलिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला साधारण चार वेळा डोलते, म्हणजे चार हर्ट्झ. त्याच्या दीडपटीच्या खालचा कंप ती अडवत नाही, उलट चारच्या आसपासचा तर वाढवते. पण रेल्वेचा घुमघुमाट तीसपासून ऐंशीपर्यंतचा. तो स्प्रिंगेपाशी येऊन विरतो. हे सगळं कागदावर मी पहिल्या महिन्यातच मांडून दाखवलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

पण या गणितात एक अट आहे. मधे दुसरं काहीही टेकलेलं नको. १९२ स्प्रिंगांच्या बाजूने एखादा लोखंडी खिळा जरी दोन्ही पेट्यांना धरून बसला, तर कंपाला रस्ता मिळाला. आणि साइटवरच्या प्रत्येक माणसाचा हात आयुष्यभर नेमकं उलटं शिकलेला असतो. हलतंय ते घट्ट कर. फट दिसली ती बुजव. पाइप लोंबतोय, क्लॅम्प मार. सेंट्रिंगवाला, वेल्डर, डक्टवाला, स्प्रिंकलरचा फिटर, रंगारी, सगळ्यांचं चांगलं काम म्हणजे जोडणं. मी त्यांना सांगत होते, इथे जोडू नका.

पहिले काही महिने मी हे सूचनाफलक लावून सांगितलं. फलकांचा काही उपयोग झाला नाही. एक दिवस मी शाळेत असतो तसला नादकाटा आणला. सकाळच्या हजेरीला तो गुडघ्यावर आपटून हवेत धरला. चार पावलांवरच्या माणसालाही काही ऐकू आलं नाही. मग परत आपटला आणि त्याचा दांडा पत्र्याच्या टेबलावर टेकवला. अख्खं टेबल गायला लागलं. मागच्या रांगेतल्या पोरांनी माना वर केल्या. एका वेल्डरने माझ्या हातून काटा घेतला आणि हेल्मेटला टेकवला, मग दाराच्या चौकटीला, मग कपाटाला. त्या दिवसानंतर मला "फटीवाल्या मॅडम" म्हणायला लागले आणि क्लॅम्प मारायच्या आधी विचारायला येऊ लागले. सगळे नाही, पण बरेच.

सेंट्रिंगच्या टोळीचे जे मुकादम होते त्यांना सगळी साइट मामा म्हणायची, मीही. साठीच्या आसपासचे, बोलणं कमी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "मॅडम, दोन भिंतींत पाच सेंटिमीटर ठेवायचे म्हणता, पण काँक्रीट ओतताना मधली फळी काढायची कशी? हात जाणार नाही तिथं." हा प्रश्न ड्रॉइंग काढणाऱ्या एकालाही पडला नव्हता. शेवटी त्यांनीच सुचवलं, की आतली भिंत तिथे ओतायचीच नाही. जमिनीवर तुकडे ओतून, वाळवून, क्रेनने आणून उभे करायचे. जिथे क्रेन पोचत होती तिथे आम्ही तसंच केलं. जिथे पोचत नव्हती, त्या वायव्येकडच्या कोपऱ्यात भिंत जागेवरच ओतावी लागली. हा कोपरा लक्षात ठेवा.

सगळ्यात समाधानाचं काम मला रंगमंचाखालच्या तालीम-खोलीचं वाटलं. ती माल उतरवायच्या धक्क्याच्या बरोबर डोक्यावर येत होती. खाली ट्रक मागे घेतले जाणार, हॉटेलच्या कपड्यांच्या ट्रॉल्या धडधडणार आणि वर कुणीतरी व्हायोलिन लावत असणार. म्हणून तिथली जमीन उचलायची ठरली. उचलायची म्हणजे खरोखरच. आधी मूळ स्लॅब झाडून, पुसून घेतला. त्यावर प्लास्टिकचा जाड कागद दुहेरी अंथरला. कागदावर सव्वा-सव्वा मीटरवर लोखंडी डबे मांडले. प्रत्येकात एक रबरी ठोकळा आणि वर उभा बोल्ट. डबे सळयांना बांधले, कडेने मऊ पट्टी लावली आणि दहा सेंटिमीटरचं काँक्रीट ओतलं. अठ्ठावीस दिवस ते पिकू दिलं.

एकोणतिसाव्या दिवशी सहा जण पाने घेऊन रांगेत उभे राहिले. मी एका टोकाला, मामा दुसऱ्या टोकाला. प्रत्येक बोल्टला अर्धाच फेरा द्यायचा आणि पुढच्यावर जायचं. घाई केली आणि एक कोपरा आधी उचलला गेला तर स्लॅबला तडा जाणार. पहिली फेरी झाली, काहीच घडलं नाही. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत खालून एक लांब, ओला आवाज आला, चिकटलेलं काही सुटत जावं तसा. प्लास्टिकचा कागद स्लॅबपासून सुटत होता. सगळे थांबले. मामा खाली वाकले, कडेच्या पट्टीत पोस्टकार्डाएवढं जाड कागद सरकवून पाहिलं आणि हात वर केला. सुटली होती. संध्याकाळपर्यंत अख्खी खोली, चाळीस टन काँक्रीट, पाच सेंटिमीटर वर उचललेली होती. मी त्यावरून चालत गेले. पावलांत काही फरक जाणवत नाही. पण खाली धक्क्यावर जाऊन एकाने हातोडीने कॉलम ठोकला तेव्हा वर कान लावूनही काही ऐकू आलं नाही.

बावीस मजले ऑफिसं सभागृहाच्या डोक्यावर, पण सभागृहाच्या मधून कॉलम नेता येत नाही. म्हणून वरच्या कॉलमांचं वजन पोलादी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी जाळीच्या प्रचंड तुळयांवर, घेऊन दोन बाजूंना वळवावं लागतं. ओसाकाच्या नाकानोशिमा फेस्टिव्हल टॉवरमध्येही खाली २७०० आसनांचं सभागृह आहे आणि वर ऑफिसांचे मजले, दोनशे मीटर उंचीपर्यंत. तिथेही असल्या महाकाय कैच्या आहेत. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरबाई पहिल्याच बैठकीत म्हणाल्या होत्या, "माझी कैची वाकणार. प्रत्येक मजला चढला की थोडी आणखी वाकणार. तुमची वरची फट मला पाच नको, बारा सेंटिमीटर द्या." मी कुरकुरले, कारण त्यामुळे सभागृहाची उंची कमी होत होती, आणि उंची म्हणजे घुमारा. पण त्यांचं बरोबर होतं. दर पाच मजल्यांनंतर आम्ही दोघी टॉर्च घेऊन वर रांगत जायचो आणि खुणा केलेल्या अठरा ठिकाणी फट मोजायचो. त्या आकड्यांची वही माझ्याकडे अजून आहे. ऑफिसं भरेपर्यंत मधल्या खुणेवरची फट साडेसात सेंटिमीटरवर आली होती. पाच ठेवली असती तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरला असता.

वरच्या मंडळींशी भांडणं झाली नाहीत असं नाही. ऑफिसवाल्यांची व्यायामशाळा सभागृहाच्या थेट वरच्या मजल्यावर दाखवली होती. वजनं उचलणारा माणूस शेवटी ती जमिनीवर टाकतो. तो धक्का पंपासारखा सतत नसतो, एकदाच येतो, आणि तो नेमका संगीतातल्या एखाद्या संथ भागाच्या मधे येणार. व्यायामशाळा नऊ मजले वर हलवायला मला सात महिने लागले. हॉटेलच्या लिफ्ट सभागृहाच्या भिंतीला लागून होत्या. तिथे मधे एक जिना आणि सामानाची खोली घुसवून अंतर पाडलं. हवेचं तर वेगळंच. सभागृहात आम्ही हवा खुर्च्यांखालून सोडतो, इतकी सावकाश की घोट्याला जाणवू नये. त्यासाठी डक्ट अवाढव्य लागतात, कारण तीच हवा अरुंद डक्टमधून पळवली तर ती फुसफुसते. एवढी जागा कुणालाच द्यायची नव्हती. पार्किंगच्या अकरा गाड्या त्यात गेल्या.

आणि मग मोजमापाची पहिली रात्र आली.

रात्री दीडनंतर, रस्ता शांत झाल्यावर. सभागृहात मी, एक सहकारी, माइक आणि लॅपटॉप. तळघरात पंपचालक, फोनवर. आधी सगळं बंद करून मोजायचं, मग एकेक यंत्र चालू करत जायचं. सगळं बंद असताना जे ऐकू आलं ते मी कधी विसरणार नाही. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं असं म्हणतात, ते खरं आहे. जमिनीखालून शेवटची रेल्वे गेली. पडद्यावरची रेघ जराशी थरथरली, पण कानाला काहीच कळलं नाही. सहकाऱ्याने माझा खांदा दाबला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

एअर कंडिशनिंगचा संच चालू केला. ठीक. लिफ्ट वरखाली पळवल्या. ठीक. ट्रान्सफॉर्मर, जो ५० हर्ट्झच्या विजेवर नेहमी १०० हर्ट्झवर गुणगुणतो, तोही दिसला नाही. मग ऑफिसांना थंड पाणी पुरवणारे पंप चालू केले आणि पडद्यावर एक सुळका उभा राहिला. १४८ हर्ट्झ. कान देऊन ऐकलं तर खरंच होता. डाव्या बाजूच्या बाल्कनीखाली एक बारीक, न थांबणारा "हूं".

सुळक्याचा आकडा बोलका असतो. पंप मिनिटाला १४८० फेरे फिरत होता, म्हणजे सेकंदाला पावणेपंचवीसच्या जरा खाली. पंपाच्या चाकाला सहा पाती. गुणाकार केला की १४८. म्हणजे चोर कोण ते कळलं. पण तो आत कुठून आला? पंप स्वतः स्प्रिंगांवर होता, त्याच्या पाइपांना रबरी जोड होते, सगळं तपासलेलं. पुढच्या अकरा रात्री आम्ही तेच शोधत होतो. मी फोनवर "दोन नंबर बंद" म्हणायचे, खालून "बंद केला" यायचं. "चालू करा." "केला." कंप मोजायचा छोटा सेन्सर मेणाने आतल्या भिंतीला चिकटवायचा, आकडा लिहायचा, हातभर पुढे सरकायचं. उद्घाटनाची तारीख जाहीर झालेली होती. ठेकेदाराचं म्हणणं, एवढा आवाज कुणाला कळणार आहे. त्यांना मी रात्री बोलावून खुर्चीत बसवलं. तेही नंतर काही बोलले नाहीत.

आकडे वायव्येच्या कोपऱ्याकडे चढत गेले. तिथे बाहेरच्या भिंतीवरून त्या पंपाचा उभा पाइप गेलेला होता आणि आतली भिंत जागेवर ओतलेली होती. मामांना निरोप दिला. ते त्या वेळी दुसऱ्या साइटवर गेले होते, तरी रात्री आले. बरोबर एक लोखंडी पट्टी आणली होती, तीन मीटर लांब, नखाएवढी पातळ. फटीच्या वरच्या तोंडाशी पालथे झोपून त्यांनी ती आत सोडली आणि डोळे मिटून हळूहळू बाजूला सरकवू लागले. पट्टी सरकत होती, सरकत होती, आणि अडली. त्यांनी ती उचलून परत सोडली. परत तिथेच अडली.

नळीचा कॅमेरा आत घातला. पडद्यावर आधी नुसती धूळ, मग तारेचा एक तुकडा, मग फळीचा कोपरा. तळहाताएवढा प्लायवूडचा ठोकळा, फर्मा सरळ राहावा म्हणून मधे अडकवलेला, आणि त्याच्याभोवती फर्म्याच्या सांध्यातून गळलेलं काँक्रीट घट्ट बसलेलं. बाहेरच्या भिंतीला एक तोंड, आतल्या भिंतीला दुसरं. साडेसहा हजार टनांची पेटी, १९२ स्प्रिंग-संच, आणि तो एक तळहात.

मामा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "माझ्याच टोळीतला. मी मोजून काढायला सांगितले होते. चौदा घातले, तेरा निघाले असणार." मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मीही सही केली होती." ते खरंच होतं. फट तपासल्याच्या कागदावर खाली माझी सही आहे. कोपऱ्यात अंधार होता आणि मी वरून टॉर्च मारून समाधान मानलं होतं. तो कागद मी दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना स्वतःहून दाखवला.

काढायला तीन रात्री लागल्या. बाहेरच्या भिंतीत हाताएवढं गोल भोक पाडलं, त्यातून लांब छिन्नीने काँक्रीट कोरत आणलं. पडणारा प्रत्येक तुकडा खाली अडकू नये म्हणून व्हॅक्यूमची नळी आत धरून ठेवली. शेवटचा भाग मामांनी कुणाला करू दिला नाही. ठोकळा सुटला तेव्हा टिक असा एवढासा आवाज झाला. मी फोनवर म्हटलं, "दोन नंबर चालू करा." "केला." पडद्यावर १४८ च्या जागी सपाट रेघ होती. "चालू आहे ना?" मी परत विचारलं. "चालू आहे, मॅडम. हात ठेवून उभा आहे."

त्यापुढचं काम आनंदाचं होतं. शांतता मिळाल्यावर घुमाऱ्याकडे वळता आलं. घुमाऱ्याचं गणित वॉलेस सेबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने घातलं. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानाच्या खोलीत शब्द ऐकू येत नव्हते, ते सुधारायला त्याला १८९५ मध्ये सांगितलं गेलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनचा स्वर बंद झाल्यावर तो किती सेकंद रेंगाळतो ते मोजायचा आणि पहाटेपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्या मोजणीतून निघालेलं सूत्र बोस्टनच्या १९०० साली उघडलेल्या सिंफनी हॉलसाठी वापरलं गेलं आणि आजही आम्ही तेच वापरतो. जागेचं आकारमान जास्त तर घुमारा लांब, शोषणारे पृष्ठभाग जास्त तर आखूड. सभागृहात सगळ्यात जास्त शोषतात ती माणसं. म्हणून खुर्ची अशी निवडायची की ती रिकामी असतानाही साधारण माणसाएवढंच शोषेल, म्हणजे तालमीत आणि भरल्या कार्यक्रमात फार फरक पडत नाही. आमच्या खुर्चीच्या बैठकीची खालची बाजू त्यासाठी तीन वेळा बदलली.

पहिल्या तालमीत वादकांनी वेगळीच तक्रार केली. श्रोत्यांच्या जागी सुरेख ऐकू येत होतं, पण रंगमंचावर मागचे पितळी वाद्यवाले पुढच्या व्हायोलिनना ऐकू शकत नव्हते. त्यांच्या डोक्यावरच्या लाकडी परावर्तक पट्ट्या आम्ही उंच टांगल्या होत्या. वरून परतून यायला आवाजाला उशीर होत होता. त्या टप्प्याटप्प्याने खाली घेतल्या. प्रत्येक वेळी संगीताचा तोच छोटा तुकडा वाजवून घ्यायचा आणि विचारायचं, आता? एका चेलोवादक बाईंनी पाचव्या वेळी वाजवता वाजवताच मान हलवली. तिथेच पट्ट्या पक्क्या केल्या.

उद्घाटनाच्या आधी एक कार्यक्रम ज्यांनी इमारत बांधली त्यांच्यासाठी ठेवला होता. भरल्या सभागृहाची मोजणी करायची तर माणसं हवीतच, आणि ही माणसं असावीत यासाठी मी फार हट्ट धरला होता. फिटर, वेल्डर, क्रेनवाले, रंगारी, सगळे घरच्यांना घेऊन आले. त्याच वेळी वर ऑफिसांत दिवे होते, हॉटेलात पाहुणे उतरत होते, धक्क्यावर ट्रक लागलेला होता. मी मुद्दाम काहीच बंद ठेवलं नव्हतं.

मामा माझ्या शेजारी बसले होते, डाव्या बाल्कनीखाली, ती जागा त्यांनीच मागून घेतली होती. वादक स्थिर झाले. संचालकाने हात उचलला. त्या क्षणाला सतराशे माणसांचा श्वास थांबतो आणि सभागृह उघडं पडतं. मामा माझ्याकडे झुकले आणि अगदी ओठांतच म्हणाले, "मॅडम, दोन नंबर बंद ठेवलाय का?"

"नाही मामा. तिन्ही चालू आहेत."

त्यांनी मान हलवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि पहिला स्वर लागला.